एकाचे नाव, अनेकांचे काम

आंदोलनाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यात दोन गोष्टी हटकून सापडतात: एक पुढारी आणि एक मागणी. मागणी मान्य झाली की आंदोलन यशस्वी, फेटाळली की फसले. हा हिशेब मला अपुरा वाटतो. मागणीसाठी एकत्र आलेली माणसे पुढे एकमेकांची कोण होतात, हे त्यात येतच नाही.

जुन्नर तालुक्यातले ओतूर घ्या. महात्मा फुल्यांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज स्थापला. त्याचे वारे ओतुरात पोचले आणि पुढच्या दशकात बाळाजी कुसाजी पाटलांनी भटजींवाचून घरचे लग्न लावले. ग्रामजोशी आपल्या हक्कासाठी कोर्टात गेले. इतिहासात नाव राहिले ते पाटलांचे. पण अक्षता टाकायला माणसेच नसती, तर ते लग्न कसले? सामान्य कुणब्याला मताचा हक्क मिळायला अजून कित्येक दशके होती. तोवर अशा मांडवात उभे राहणे हेच त्याचे मत.

शेजारच्या आंबेगाव तालुक्यात महाळुंगे पडवळ हे बाबू गेनूंचे गाव. मुंबईच्या गिरणीतला हा कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा झाला आणि हुतात्मा झाला. डिंभे धरणाच्या जलाशयाला त्यांचे नाव आहे, ते योग्यच. परंतु त्या पाण्याखाली जुने आंबेगाव आणि आदिवासींची शेते गेली, हे नावावरून कळत नाही.

ज्यांचे गेले, ती माणसे 'शाश्वत' या संस्थेच्या साथीने संघटित झाली. पाणी उतरल्यावर उघडी पडणारी जमीन त्यांनी गाळपेरीसाठी मागितली. मासेमारीची सहकारी संस्था काढली. २०१२ साली 'शाश्वत'ला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. मला त्याहून मोलाचे वाटते ते हे, की आंदोलक संस्थेचे सभासद झाले. घोषणा एका दमात देता येते. पाणी आणि मासळी वाटून घेणे हे रोजचे काम, आणि त्यात कुरबुरी आल्याच. त्या सरकारदरबारी न नेता आपसात मिटवायला शिकणे, यालाच मी नवे राजकारण म्हणतो.

कादंबरीला नायक लागतो, हे कादंबऱ्या लिहिणारा मी जाणतो. तरी मोर्चाचे वर्णन हाती आले की वाचकांनी लेखकाला दोन प्रश्न जरूर विचारावेत: भाकऱ्या कोणी बांधून दिल्या? आणि पुढारी परतल्यावर बैठक कोणाच्या ओसरीवर भरली?