मादाम बोदोंचा अजगर

मुलांच्या पुस्तकांत पाळीव प्राणी म्हटला कीं कुत्रा, मांजर, फार तर पोपट, ह्यांपलीकडे लेखकांची मजल सहसा जात नाहीं. टोमी उंगेरर ह्या चित्रकारानें मात्र १९५८ सालच्या ‘क्रिक्टर’ ह्या सचित्र पुस्तकांत एका प्रौढ शिक्षिकेच्या घरीं अजगर आणून सोडला, आणि तोहि वाढदिवसाची भेट म्हणून! फ्रान्समधील एका लहानशा गांवच्या मादाम लुईज बोदो ह्यांचा मुलगा आफ्रिकेंत सरपटणाऱ्या प्राण्यांचा अभ्यास करीत असतो. त्यानेंच तो वाटोळ्या पेटींतून टपालानें धाडलेला असतो.

पुढें बाई जें करतात तें आमच्या मतें पुस्तकाचें मर्म आहे. पेटी उघडतांच त्या किंकाळी फोडतात खऱ्या. पण काठी शोधीत नाहींत. साप विषारी आहे कीं काय हें पाहण्यासाठीं त्या प्राणिसंग्रहालयांत जातात, तो बोआ जातीचा, म्हणजे बिनविषारी, असें कळतें, आणि मगच त्याचें नामकरण होतें. पंचतंत्रांतील ‘अपरीक्षितकारक’ तंत्रांत पुत्रवत् वाढविलेल्या मुंगसानें सापापासून बाळाचें रक्षण केलें, आणि आईनें चौकशी न करतां त्याचाच जीव घेतला, ही कथा घरोघरीं ठाऊक आहे. येथें मुंगसाच्या जागीं सापच आहे, आणि उतावळ्या आईच्या जागीं चौकस मास्तरीणबाई.

विनोद बडबडगीताच्या जातीचा नव्हे. आमच्या नगरांतच १९१८ सालीं जन्मलेला स्पाइक मिलिगन मुलांना हंसवितो तो जगाचे सारेच सांधे खिळखिळे करून. उंगेररची रीत उलट. एकच गोष्ट विपरीत. बाकी सर्व शिस्तींत. बाई अजगरासाठीं लांबच लांब लोकरी स्वेटर विणतात, तसाच बिछाना करतात, त्यास परकें वाटूं नये म्हणून ताडाचीं झाडें आणतात. आणि हें इतक्या गंभीरपणें सांगितलें आहे कीं हंसूं वाचकासच आवरावें लागतें. चित्रांची रेषा बारीक, रंग मोजके. वर्गांत क्रिक्टर आपल्या वेटोळ्यांनीं अक्षरें व आंकडे काढून दाखवितो. हें पान मराठींत आणणारास जड जाईल: २, ३, ६ साधतील, ‘ळ’ तर अजगराचेंच अक्षर, पण काना आणि शिरोरेघ देतांना बिचाऱ्याचा कणा मोडावयाचा.

क्रिक्टरला बाटलीनें दूध पाजलें आहे, ही चूकच. साप मांसाहारी, दूध त्याचें अन्न नव्हे. विद्वान मुलानें आईस एवढें तरी कळवावयाचें! पण नागपंचमीस वाटी पुढें करणाऱ्या आपण फ्रेंच बाईंना हंसावें हें शोभत नाहीं.

पालकांचा आक्षेप ह्याहून गंभीर आहे. २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारें १२ लाख माणसें दगावलीं असा अभ्यासकांचा अंदाज आहे. सावेडीसारख्या उपनगरांतहि पावसाळ्यांत अंगणांत साप निघतो. अशा देशांत साप लडिवाळ करून दाखवावा काय? नाग, मण्यार, घोणस, फुरसें ह्यांच्याशीं खेळ नव्हे, हें मुलांस बजावलेंच पाहिजे; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्याकडील साप घरीं पाळणें हा गुन्हाहि आहे. परंतु नुसतें भेडसावलेलें मूल धामण आणि नाग ह्यांत भेद करीत नाहीं, आणि तो न करण्यांत मुलाचा व धामणीचा दोघांचाहि घात आहे. प्राणिसंग्रहालयाच्या पानावर वाचणारानें अंमळ थांबावें. उंगेररचा जन्म १९३१ चा, स्ट्रासबुर्गचा. त्याच्या बालपणाचीं कांहीं वर्षें नाझी अंमलाखालीं गेलीं. एखाद्या जातीस सरसकट दुष्ट ठरविणें म्हणजे काय, हें त्यास पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. पुढेंहि ऑक्टोपस, वटवाघूळ, गिधाड अशा नावडत्या जीवांनाच त्यानें नायक केलें. १९९८ सालीं त्यास हॅन्स ख्रिश्चन अँडरसन पारितोषिक मिळालें. २०१९ त तो वारला.

आमचा खरा तंटा शेवटाशीं आहे. घरांत चोर शिरतो, बाईंना बांधून टाकतो, आणि क्रिक्टर त्यास विळखा घालून पोलीस येईपर्यंत धरून ठेवतो. मग पदक, पुतळा, नांवाची बाग! मुलांना हें आवडेल, आवडावेंच. पण ज्या अजगरावर बाई कसलाहि उपयोग न पाहतां माया करीत होत्या, त्यास गांवानें मान दिला तो चोर धरल्यावर. पदकवाल्या क्रिक्टरपेक्षां हिंवाळ्यांत बर्फावर उगाच वळवळत मौज करणारा क्रिक्टर आम्हांस अधिक आवडला.