पाच 'ए' आणि मागे राहिलेला प्रश्न : 'अ‍ॅक्सेस'वरच्या एका गाजलेल्या पेपरची उलटतपासणी

आरोग्य योजना, निराधारांची पेन्शन, निवारागृहं, समुपदेशन केंद्रं... गरजू माणसापर्यंत सेवा पोचते का, या विषयावर संशोधन करायचं ठरवलं की सिनॉप्सिसमध्ये 'अ‍ॅक्सेस' हा शब्द येतोच. तो आला की गाईड विचारणार, "व्याख्या कोणाची घेतलीय?" आणि बहुतेक विद्यार्थी एकच उत्तर देतात : पेंचान्स्की आणि थॉमस, १९८१.

रॉय पेंचान्स्की आणि जे. विल्यम थॉमस यांचा हा पेपर 'मेडिकल केअर' या जर्नलमध्ये आला. चाळीस वर्षांहून जास्त काळ लोक तो उद्धृत करतायत. पण उद्धृत करणं वेगळं आणि वाचणं वेगळं. आज आपण तो नीट वाचू. त्याचं श्रेय त्याला देऊ आणि तो कुठे कमी पडतो तेही बघू. तुमच्या प्रश्नावलीत हीच उणीव शिरली, तर ज्या माणसासाठी हे संशोधन करायचं तोच तुमच्या डेटाबाहेर राहील. म्हणून ही उठाठेव.

पेपर म्हणतो काय?

त्या काळी 'अ‍ॅक्सेस' हा शब्द जो तो आपापल्या सोयीने वापरत होता. कुणासाठी अ‍ॅक्सेस म्हणजे प्रत्यक्ष वापर, तर कुणासाठी वापरावर परिणाम करणाऱ्या गोष्टी. पेंचान्स्की-थॉमस यांनी एक साधी आणि भक्कम कल्पना मांडली : अ‍ॅक्सेस म्हणजे रुग्ण आणि व्यवस्था यांचा एकमेकांशी बसणारा मेळ. चप्पल चांगली की वाईट हे नुसत्या चपलेकडे बघून कळत नाही, ती पायात घालावी लागते. तसंच हे.

या मेळाच्या त्यांनी पाच बाजू सांगितल्या. इंग्रजीत पाचही शब्द 'ए'ने सुरू होतात, म्हणून 'पाच ए'.

१. उपलब्धता : गरजेच्या मानाने डॉक्टर, खाटा, सोयी पुरेशा आहेत का?
२. पोहोच : त्या किती लांब आहेत, जायला वेळ आणि भाडं किती लागतं?
३. सोय : वेळा, अपॉइंटमेंट, रांग ही पद्धत लोकांना जमण्यासारखी आहे का?
४. परवडणं : खर्च झेपतो का?
५. स्वीकारार्हता : रुग्ण आणि सेवा देणारा यांना एकमेकांची वय, लिंग, वर्ग, परिसर ही ओळख चालते का?

पुढे त्यांनी रुग्णांच्या समाधानाबद्दलच्या मुलाखतींचा डेटा घेऊन फॅक्टर अ‍ॅनालिसिस केलं आणि दाखवलं, की या पाच बाजू आकडेवारीतही वेगवेगळ्या दिसतात. यालाच डिस्क्रिमिनंट व्हॅलिडिटी म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचं तर पाच नावं दिली आहेत म्हणजे खरंच पाच गोष्टी आहेत, एकाच गोष्टीची पाच टोपणनावं नाहीत, याचा पुरावा.

याचं श्रेय मोठं आहे. नुसती "दवाखाना पाच किलोमीटरवर आहे ना, मग झालं" ही वृत्ती या पेपरने मोडली. दवाखाना दारात असूनही त्याच्या वेळा मजुरीच्या वेळेशी भिडत असतील तर अ‍ॅक्सेस नाही, हे म्हणायला शब्द मिळाले.

मग अडचण कुठे आहे?

प्रश्नावली उघडा. सेवा कुठे मिळते याबद्दलच्या तुमच्या माहितीवर तुम्ही किती समाधानी आहात, अशा अर्थाचा एक प्रश्न तिथे आहे. पण तो 'उपलब्धता' या गटात घातलेला आहे, सगळ्या घरासाठी एक चांगला डॉक्टर शोधता येणं आणि अडीअडचणीला उपचार मिळणं यांच्या शेजारी.

मी एम.एस्सी.ला संख्याशास्त्र घेतलं होतं, त्यामुळे माझं लक्ष आधी इथेच गेलं. फॅक्टर अ‍ॅनालिसिस जादू करत नाही. तुम्ही जे प्रश्न टाकता त्यांतूनच ते गट काढतं. एका विषयावर चार प्रश्न असतील तर वेगळा घटक उभा राहायला जागा असते. एकच प्रश्न असेल तर तो जवळच्या दुसऱ्या घटकाला जाऊन चिकटतो. म्हणजे 'माहिती' ही वेगळी बाजू नाही असं त्या विश्लेषणातून सिद्ध होत नाही. ती वेगळी आहे का, हे तपासायची संधीच तिला मिळाली नाही. "पाच निघाले" आणि "पाचच आहेत" ही दोन वेगळी विधानं आहेत. व्हायवात हा फरक सांगता आला पाहिजे.

दुसरी गोष्ट, समाधान विचारलंय. समाधान कोण सांगू शकतो? ज्याला निदान अनुभव आहे तो. जी सेवा अस्तित्वात आहे हेच ठाऊक नाही, तिच्यावर माणूस समाधानी की असमाधानी? तो "ठीक आहे" म्हणेल आणि पुढच्या प्रश्नाकडे जाईल. तुमच्या एक्सेल शीटमध्ये मात्र तो 'मध्यम समाधानी' म्हणून बसेल.

आपल्याकडे लावून बघू

महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांची योजना आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातलं कलम ४१ कक आणि २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशातून आलेली योजना, असा तिचा आधार. या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या. बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची. उत्पन्नाच्या पुराव्यासाठी तहसीलदाराचा दाखला किंवा रेशनकार्ड यासारखी कागदपत्रं लागतात.

आता समजा, बीड जिल्ह्यातलं एक ऊसतोड कुटुंब पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यावर आलंय. गडी आजारी पडला, त्याला पुण्याला हलवला. बायको आणि तिचा दीर रुग्णालयात बसलेत. पाच 'ए' लावा. खाट आहे? समजा आहे. अंतर? ते तर इमारतीतच आहेत. वेळा? चोवीस तास. खर्च? निर्धन असतील तर मोफत. स्वीकारार्हता? डॉक्टर मराठी बोलतात, नीट वागतात. पाचही रकान्यांत टिक, म्हणजे कागदावर अ‍ॅक्सेस शंभर टक्के. आणि तिकडे दीर मुकादमाला फोन करून अजून उचल मागतोय.

का? तर त्यांना योजना माहीत नाही. किंवा नाव ऐकलंय, पण आपण तिच्यात बसतो हे माहीत नाही. किंवा तेही माहीत आहे, पण कुणाकडे जायचं ते कळत नाही. रुग्णालयातल्या समाजसेवकाची खोली कुठे, ती किती वाजता बंद होते? किंवा तिथपर्यंतही पोचले, पण रेशनकार्ड गावाकडे ट्रंकेत आहे आणि दाखला देणारं तहसील दीड-दोनशे किलोमीटरवर. किंवा सगळं आहे आणि कुणीतरी "कोटा संपला" म्हणालं. त्यावर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाद मागता येते हे कोण सांगणार?

ही माहिती एकसंध नाही, हे लक्षात घ्या. निदान पाच पायऱ्या आहेत : आहे हे कळणं, माझ्यासाठी आहे हे कळणं, कुठे-कधी-कुणाकडे हे कळणं, काय कागद लागतात हे कळणं, आणि नकार मिळाला तर पुढे काय हे कळणं. पहिल्या पायरीवर अडलेला आणि पाचव्या पायरीवर अडलेला, दोघंही "सेवा मिळाली नाही" याच रकान्यात जातात. पण दोघांसाठी उपाय वेगळे आहेत. पहिल्याला भिंतीवरचं पोस्टर उपयोगी पडेल. पाचव्याला पोस्टर काय कामाचं?

नंतरच्या दुरुस्त्या पुरेशा आहेत का?

ही उणीव मला एकट्याला दिसली असं अजिबात नाही. २०१३ मध्ये लेवेस्क, हॅरिस आणि रसेल यांनी नवी चौकट मांडली. त्यांनी सेवेच्या बाजूला पाच गुण ठेवले आणि समोर माणसाच्या पाच क्षमता : गरज ओळखणं, सेवा शोधणं, तिथे पोचणं, पैसे भरणं आणि उपचारात सहभागी होणं. २०१६ मध्ये एमिली सॉरमन यांनी थेट सहावा 'ए' जोडला, 'अवेअरनेस', म्हणजे जाणीव.

सॉरमन यांची दुरुस्ती आवश्यक आहे, पण माझी एक हरकत आहे. सहावा रकाना म्हणून जोडला की वाटतं, सहाही समान पातळीवर आहेत आणि पाच चांगले असले तर सहावा थोडा कमी चालेल. इथे तसं होत नाही. जाणीव शून्य असेल तर बाकी पाचांचा त्या माणसाला उपयोग शून्य. गणिताच्या भाषेत हा बेरजेचा नाही, गुणाकाराचा मामला आहे. म्हणून सहाही गुणांची सरासरी काढून 'अ‍ॅक्सेस इंडेक्स' बनवणारा प्रबंध दिसला, की आधी विचारा : यात शून्याला किती माफी आहे?

मला जास्त कामाचं वाटतं ते पामेला हर्ड आणि डॉनल्ड मॉयनिहन यांचं २०१८ चं 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह बर्डन' हे पुस्तक. माहिती मिळवणं हा एक खर्च आहे, असं ते म्हणतात. शिकण्याचा खर्च, कागदपत्रं-अटी पुऱ्या करण्याचा खर्च आणि मनावर पडणारा ताण, असे तीन खर्च. 'जाणीव नाही' म्हटलं की दोष नकळत माणसाकडे जातो : अडाणी आहेत, विचारत नाहीत. 'शिकण्याचा खर्च जास्त आहे' म्हटलं की प्रश्न व्यवस्थेकडे वळतो : हा खर्च कुणी लादला आणि कमी कोण करू शकतं? त्यांची उदाहरणं अमेरिकेतली आहेत, पण तहसीलच्या खिडकीबाहेर उभं राहिलेल्या कुणालाही ती परकी वाटणार नाहीत.

हेल्पलाइन असली की झालं?

यावर सरकारं आणि संस्था एक उत्तर देतात : एक सोपा नंबर. अमेरिकेत १९९७ मध्ये अटलांटात युनायटेड वे या संस्थेने २११ हा नंबर सुरू केला आणि २००० मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने तो देशभर अशा सेवांसाठी राखून ठेवला. फोन करा, जवळची अन्नपेढी, निवारा, समुपदेशन यांची माहिती मिळेल. आपल्याकडे ज्येष्ठांसाठी १४५६७ आहे.

कल्पना चांगलीच आहे. टीका आहे ती मोजमापावर. अशा सेवांच्या अहवालात साधारण किती फोन आले आणि किती जणांना 'रेफर' केलं हे मोजलं जातं. पण दिलेल्या पत्त्यावर माणूस गेला का, तिथे दार उघडं होतं का, काम झालं का? 'रेफर केलं' हा व्यवस्थेच्या दृष्टीने शेवट असतो, माणसाच्या दृष्टीने ती सुरुवात असते. शिवाय यादी शिळी होते. संस्थेची जागा बदलते, वेळ बदलते, निधी आटतो.

याउलट १०९८ बघा. १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून चाइल्डलाइन उभी राहिली. तिच्या मूळ रचनेत फोन घेणं आणि मुलापर्यंत प्रत्यक्ष माणूस पाठवणं हे दोन्ही एकत्र होतं. जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयांत बसणारा आरोग्यमित्रही त्याच जातीचा. माहितीला पाय फुटले, तरच ती गरजूपर्यंत जाते.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

तर मग १९८१ चा पेपर टाकून द्यायचा का? नाही. 'मेळ' ही कल्पना ठेवा, पाच बाजू ठेवा. पण या चार गोष्टी कराच.

एक, नमुना सेवाकेंद्राच्या दारातून घेऊ नका. दारात जे आहेत ते आधीच पोचलेले आहेत. वस्तीतून, घरांमधून नमुना घ्या. पात्र असूनही न आलेले तिथे भेटतील.

दोन, "योजना माहीत आहे का?" असा हो-नाही प्रश्न विचारून थांबू नका. पाचही पायऱ्या वेगळ्या विचारा, आणि "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" हेही विचारा. आशाताई, शेजारीण, दुकानदार की नगरसेवकाचा माणूस, यावरून खरी वाट कळते.

तीन, यादीवर विश्वास ठेवू नका. निवडलेल्या भागातल्या यादीतला प्रत्येक नंबर स्वतः फिरवा, पत्त्यावर जाऊन या. किती नंबर लागले, किती दारं उघडी होती, हा आकडासुद्धा निष्कर्षच असतो. शिवाय खर्च फक्त फोनबिल आणि एसटीच्या तिकिटाचा.

चार, आणि ही सगळ्यात अवघड. मुलाखतीत समोरची बाई पात्र आहे, तिला योजना माहीत नाही, आणि तुम्हाला माहीत आहे. सांगायचं का? "डेटा बिघडेल" म्हणून गप्प बसायचा सल्ला तुम्हाला मिळू शकतो. माझं मत स्पष्ट आहे : मुलाखत पूर्ण करा, नोंद बंद करा आणि मग तिला सगळं सांगा. कुठे जायचं, कोणते कागद न्यायचे, तेही कागदावर लिहून द्या. हे मेथडॉलॉजीच्या प्रकरणात उघडपणे लिहा, एथिक्स कमिटीच्या अर्जातही आधीच लिहा. त्याच घरात पुन्हा जाणार असाल तर दुसऱ्या फेरीच्या विश्लेषणात ती घरं वेगळी धरा. संख्याशास्त्रात यासाठी सोयी आहेत. त्या बाईकडे मात्र दुसरी सोय असेलच असं नाही.

अ‍ॅक्सेस मोजायला निघालेला संशोधक हा स्वतःसुद्धा माहितीच्या वाटेवरचा एक माणूस असतो. पेंचान्स्की-थॉमस यांच्या तक्त्यात त्याच्यासाठी रकाना नाही. तुमच्या तक्त्यात तो ठेवा.