तीन गुणिले वजन, अधिक नऊ

नाळेच्या धमनीतून नळी किती सेंटीमीटर आत सारायची? बाळाचं वजन किलोत घ्या, तिनाने गुणा, नऊ मिळवा. आणि शिरेतून? आलेल्या उत्तराच्या निम्मे, अधिक एक. शुक्ला आणि फेरारा यांनी १९८६ मध्ये दिलेलं हे सूत्र नवजात अतिदक्षता विभागात तोंडपाठ असतं. पाठ असलेली गोष्ट आपण वाचत नाही. मी ती पुष्कळ उशिरा वाचली, आणि तेव्हापासून तिच्या प्रेमात आहे.

आधी तो ‘निम्मे’ पाहा. कापलेल्या नाळेच्या तोंडावर तीन भोकं दिसतात. दोन धमन्या जाड भिंतींच्या, आवळलेल्या, पांढुरक्या. शीर एकच, पातळ, सैल, बहुधा घड्याळातल्या बाराच्या जागी. शीर बेंबीपासून सरळ वर निघते, यकृतातून वाट काढते आणि हृदयाच्या दाराशी पोचते. धमनी मात्र आधी खाली ओटीपोटात उतरते, तिथे वळते आणि मग महाधमनीतून वर चढते. दोन्ही नळ्यांची टोकं शेवटी छातीत जवळपास सारख्याच उंचीवर हवी असतात: धमनीतलं सहाव्या ते नवव्या मणक्याच्या दरम्यान, शिरेतलं छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या जरा वर. तीन किलोच्या बाळात एक वाट अठरा सेंटीमीटरची, दुसरी दहाची. मधले आठ सेंटीमीटर म्हणजे तो वळसा. आईच्या पोटात वारेकडे रक्त नेणारी वाट या साध्या वजाबाकीत शाबूत आहे.

याआधी, १९६६ मध्ये, पीटर डन यांनी खांद्यापासून बेंबीपर्यंतचं अंतर मोजून आलेखावर खोली वाचायची रीत दिली होती. जगू न शकलेल्या बाळांच्या शरीरांवर घेतलेल्या मापांतून तो आलेख उभा राहिला. तो हाताळताना मला आजही त्या बाळांची आठवण होते. पण त्यासाठी थंडी सोसू न शकणाऱ्या बाळाला टेप लावावी लागते, आणि टेप तिरकी धरली की माप चुकतं. वजन आधीच कागदावर असतं.

मग हा ‘नऊ’ कुठला? वजन शून्य धरलं तरी सूत्र नऊ सेंटीमीटर सांगतं, आणि असं बाळ तर नसतं. इथेच त्याची मर्यादा दिसते. वजन तिप्पट झालं म्हणून बाळ तिप्पट लांब होत नाही. लांबी साधारण वजनाच्या घनमुळाच्या चालीने वाढते. खरी रेषा वाकडी आहे, सुरुवातीला चढी आणि पुढे निवळत जाणारी. सूत्राने तिच्यावर सरळ पट्टी ठेवली. मोठ्या बाळांत ती छान बसते, अगदी लहानग्यांत नळी जास्त आत जाते. म्हणून २००८ मध्ये राइट आणि सहकाऱ्यांनी दीड किलोखालच्या बाळांसाठी चार गुणिले वजन, अधिक सात, असं सुचवलं. दोन्ही सूत्रं दोन किलोला पंधरावर एकमेकांना भेटतात. पण सहाशे ग्रॅमला पहिलं १०.८ सांगतं, दुसरं ९.४. ओंजळीत मावणाऱ्या छातीत हे दीडेक सेंटीमीटर फार मोठे. शिरेतली नळी खोल गेली तर हृदयाचे ठोके बिघडतात, हृदयाभोवती पाणी साचू शकतं. उथळ राहिली तर सलाइनमधून दिलेलं पोषण यकृतात झिरपू शकतं. म्हणून एक्स-रे पाहिल्याशिवाय कुणी निश्चिंत होत नाही.

सूत्र बेंबीपासून मोजतं. वर उरलेला नाळेचा खुंट त्यात धरलेला नाही. परवा बाराशे ग्रॅमची मुलगी होती. शिरेसाठी सात पूर्णांक तीन, असं मी पुटपुटले. नळी हातात देता देता सिस्टरांनी विचारलं, “आणि खुंट, मॅडम?” मी पट्टी लावली. दीड होता. आठ पूर्णांक आठ.