पाण्याच्या टाकीपाशी ये

"पाण्याच्या टाकीपाशी ये, मग फोन कर." नाशिकमधल्या आमच्या घराचा पत्ता कित्येक वर्षं एवढाच आहे. तरी त्या टाकीचा एकही फोटो माझ्या फोनमध्ये नव्हता. सिमेंटचे खांब, वर डबा, बाजूला जिना. त्यात काय बघायचं?

बघायचं काय ते मला छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत कळलं. तिथे सगळे चक्की बघतात, रील्सही तिच्याच. माझ्या मते चक्की दुय्यम आहे. खरी वास्तू म्हणजे हौदाच्या कडेची ती उंच, जाड भिंत. लांबून, डोंगराकडून, पाणी जमिनीखालच्या नळांतून इथवर आणायचं, भिंतीच्या आतून वर चढवायचं आणि माथ्यावरून हौदात सोडायचं, अशी ही योजना. लोक याला चमत्कार म्हणतात. पण उगम माथ्याहून उंच असला की बंद नळातलं पाणी आपली पातळी गाठायला आपोआप वर येतं. ना पंप, ना वीज. ही भिंत नुसती उभी नाही, तिच्या उंचीला कारण आहे. नक्षी जवळपास नाहीच, आणि ती हवीशीही वाटत नाही.

हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत. डोक्यावर पाणी, शेजारी खाम नदी. एसीत वाढलेल्या आपल्या पिढीने तिथे दहा मिनिटं बसून बघावं.

या शहरात नहरींची सुरुवात मलिक अंबरची. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कारभार हाती घेतलेला हा माणूस. त्याने वसवलेल्या खडकीला त्याने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पाणी आणलं. पाणचक्कीची नहर त्याच्यानंतरची.

जर्मनीच्या बेर्न्ड आणि हिला बेशर या जोडप्याने वर्षानुवर्षं पाण्याच्या टाक्यांचे फोटो काढले, सगळे तशाच करड्या उजेडात. १९९० साली व्हेनिसच्या बिनालेत त्यांना पारितोषिक मिळालं, तेही चक्क शिल्पकलेचं! पण त्यांच्या फोटोत माणूस जवळपास नसतोच. तिथे माझं त्यांच्याशी पटत नाही. टाकी माणसांशिवाय कशी दाखवायची?

कारण गोष्ट शेवटी माणसांच्या भांडणापाशीच येते. नहरींचं ते शहर आज पैठणच्या जायकवाडीचं पाणी पितं, म्हणजे गोदावरीचं, आमच्याकडून वाहत गेलेलं. पाऊस कमी झाला की वरच्या धरणांतून पाणी सोडण्यावरून वाद पेटतो. २००५चा कायदा समन्यायी वाटप सांगतो, आणि आमच्या घरात "आपलं पाणी त्यांना का?" असं विचारलं जातं. मीही विचारलंय. त्या भिंतीपुढे उभं असताना ते आठवलं आणि ओशाळल्यासारखं झालं.

घरी आल्यावर आमच्या टाकीचा पहिला फोटो काढला. सकाळची वेळ होती, पाणी सोडणारा माणूस सायकल टेकवून व्हॉल्व्ह फिरवत होता. टाकीचा वरचा डबा फ्रेममधून कापला गेलाय. माणूस मात्र नीट आलाय.