केजीएफ: हिरो यायच्या आधीचं गाव

‘केजीएफ’चा पहिला भाग (२०१८) मी चार वेळा पाहिलाय. यशची एन्ट्री, तो बीजीएम, ती एडिटिंग, शिट्ट्या वाजणारच. तक्रार वेगळी आहे.

सिनेमात १९५१ साली रॉकी जन्मतो आणि त्याच दिवशी कोलारला सोनं सापडतं. खऱ्या कोलारमध्ये तेव्हा ‘जॉन टेलर अँड सन्स’ ही ब्रिटिश कंपनी येऊन सत्तर वर्षं झाली होती. १९०२ मध्येच शिवनसमुद्रहून खाणीला वीज आली होती. खाली उतरणारे बहुतेक तमिळ, त्यातही मोठ्या संख्येनं दलित. दिग्दर्शक प्रशांत नील यांनी एका तारखेत हे सगळं पुसलं.

मग उरतात ते पडद्यावरचे कामगार: काळवंडलेले, घाबरलेले, कुणीतरी सोडवायला येईल म्हणून थांबलेले. खरे कामगार थांबले नव्हते. १९३० मध्ये कंपनीनं बोटांचे ठसे नोंदवायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी संप केला. मी सॉफ्टवेअरवाला. ऑफिसच्या दारात रोज बोट टेकवतो. मशीननं ओळखलं नाही तर बोट पुसून परत टेकवतो. ठशाला नाही म्हणणारी ती माणसं मला रॉकीपेक्षा मोठी वाटतात.

खाण म्हणजे नुसता अंधारही नव्हता. आमच्या वारूळवाडीजवळ खोडदला टीआयएफआरची जीएमआरटी दुर्बीण आहे. त्याच टीआयएफआरच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसोबत १९६५ मध्ये कोलारच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, वातावरणातून येणारे न्यूट्रिनो टिपले. सिनेमातली खाण मात्र जगापासून तुटलेली आहे. तशी असल्याशिवाय तारणहार शोभत नाही.

पा. रंजित यांचा ‘तंगलान’ (२०२४) दंतकथेत शिरतो, पण खोदणारी माणसं मध्यभागी ठेवतो. त्यांना घर आहे, जात आहे, जमिनीवर हक्क सांगणारा आवाज आहे. ‘केजीएफ’मध्ये नेमकं हेच नाही.

२८ फेब्रुवारी २००१ ला खाण बंद झाली. सोनं काढून उरलेल्या सायनाइडच्या मातीचे डोंगर तिथेच राहिले, आणि ‘केजीएफ’चं शूटिंग त्याच डोंगरांवर झालं. पडद्यावर ते भव्य दिसतात. शेजारच्या वस्तीत वारा सुटला की त्यांची धूळ घरात येते.