जांभळं फूल आणि खडूची खूण

ब्रिटनमध्ये राहत असाल, तर हिवाळा सरताना पार्कात जांभळे क्रोकस पाहिले असतील. त्यातले कितीतरी रोटरी क्लबांनी लावलेत. जांभळेच का? पोलिओचा डोस दिल्यावर बाळाच्या करंगळीला लावतात, त्या शाईचा तो रंग.

कल्पना छान आहे, मागचं कामही खरं आहे. रोटरीने १९८५ साली पोलिओविरुद्ध मोहीम उघडली. इथले सदस्य भारतात जाऊन डोस पाजून आले. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

माझी तक्रार फुलाबद्दल आहे. ते फक्त डोस मिळालेलं बाळ दाखवतं. मोहीम तरली ती राहून गेलेल्या बाळांच्या शोधावर. भारतात टीम घरावर खडूने खूण करायची: सगळ्यांचा डोस झाला तर ‘पी’, कुणी राहिलं तर ‘एक्स’. ‘एक्स’च्या घरी पुन्हा जायचं, नकार मिळाला तरी पुन्हा. हे पुन्हा जाणं बरंचसं आशा आणि अंगणवाडीताईंनी केलं, तुटपुंज्या मानधनावर.

उद्या तुम्ही एखाद्या क्लबबरोबर सेवेला निघालात, तर फोटो जरूर काढा. पण आधी एवढं विचारा: आपण परतल्यावर ‘एक्स’च्या दारी कोण जाणार, आणि त्यांना पैसे कोण देणार?