ॲस्टेरिक्स : निर्मात्यांमागून आलेले खंड

चालू चित्रकथामालिकेचा नवा खंड समीक्षकाच्या हाती कधीच एकटा येत नाही. मागील सर्व खंडांची स्मृती त्याच्यासोबत येते. टिनटिनचा जनक एर्जे याने ही मालिका आपल्यामागे कोणी चालवू नये, अशी इच्छा व्यक्त केली होती व १९८३मधील त्याच्या निधनानंतर ती पाळली गेली. ॲस्टेरिक्सचे तसे झाले नाही. म्हणून लेखकाच्या पश्चात त्याच्या विनोदाचे काय होते, हा प्रश्न या मालिकेसंबंधी विचारावाच लागतो. खपाचे आकडे त्याचे उत्तर देऊ शकत नाहीत.

१९५९ साली 'पिलोत' या फ्रेंच साप्ताहिकातून अवतरलेल्या या गॉल वीराच्या संहिता रने गोसिनीच्या आणि रेखाटने आल्बेर युदेर्झोची होती. १९७७मध्ये गोसिनी निवर्तला, तेव्हा 'ॲस्टेरिक्स इन बेल्जियम'ची चित्रे अपुरी होती. उरलेल्या पानांवर युदेर्झोने आकाश करडे, पावसाळी रंगविले. इतकी मूक आणि इतकी नेमकी शोकव्यक्ती चित्रकथेत विरळाच. पुढे संहिताही तोच लिहू लागला. त्यांपैकी 'ॲस्टेरिक्स अँड द मॅजिक कार्पेट' (१९८७) भारतात घडते. पण हा भारत अरबी सुरस कथांच्या पडद्यावर रंगविलेला आहे. चित्रे देखणी, संवाद मात्र चित्रांच्या मागे धापा टाकत येतात.

२०१३पासून रेखाटनाची धुरा दिदिए काँराद याच्याकडे आहे. युदेर्झोची रेषा त्याने इतकी आत्मसात केली आहे की हातपालट झाल्याचे सहसा जाणवत नाही. खरी कसोटी संहितेची आहे. जाँ-इव्ह फेरीने लिहिलेले पाच खंड नेटके आहेत. त्यांतील 'ॲस्टेरिक्स अँड द मिसिंग स्क्रोल' (२०१५) विशेष वाचनीय.

फाब्कारोने लिहिलेला 'ॲस्टेरिक्स अँड द व्हाइट आयरिस' (२०२३) हा चाळिसावा खंड मात्र थांबून वाचावा असा आहे. सैन्याचे खचलेले मनोधैर्य उंचावण्यासाठी सीझरचा प्रमुख वैद्य सकारात्मक विचारांचा एक संप्रदाय पुढे आणतो, आणि त्याच्या गोड, गुळगुळीत, अर्थशून्य सुभाषितांनी गॉल गावही भारून जाते. येथे फाब्कारो गोसिनीच्या मूळ सूत्रापाशी पोहोचतो. शस्त्राने न जिंकता येणारे हे गाव रोमने शब्दांनी पोखरू पाहावे, ही कल्पना जुनीच. 'द रोमन एजंट' (१९७०)मध्ये कलागतीची कुजबुज हे हत्यार होते, 'ऑबेलिक्स अँड कंपनी' (१९७६)मध्ये अर्थशास्त्राची परिभाषा. आता ते सौजन्य आहे. मासळीवरून होणारी हाणामारी हा या गावाचा प्राण; ती मावळू लागते तेव्हा वाचक हसतो खरा, पण थोडा अस्वस्थही होतो. कथा ल्युतेशियात, म्हणजे प्राचीन पॅरिसात, शिरल्यावर मात्र हा ताण सैल पडतो. अतिवेगवान आगगाडीचे रथरूपी विडंबन आणि तत्सम शहरी कोट्या एकामागून एक येतात व कथेला पुढे न नेता विरून जातात.

'ॲस्टेरिक्स इन लुसितानिया' (२०२५) हा पुढील खंड त्यामानाने सुरक्षित वाटेने जातो. 'द मॅन्शन्स ऑफ द गॉड्स'मधील एक जुना गुलाम परत येतो आणि सीझरवर विषप्रयोग केल्याचा आळ आलेल्या आपल्या मित्रासाठी मदत मागतो. मित्राचा धंदा गारम या मासळीच्या रोमन सॉसचा. पूर्वीच्या खंडातील एक गौण माणूस पुन्हा भेटावा, ही योजना हृद्य आहे. परंतु पुढे पोर्तुगीज विषण्णता आणि खारवलेला कॉड यांच्यावरच विनोदाची भिस्त राहते. गोसिनीच्या 'ॲस्टेरिक्स इन ब्रिटन'मध्ये इंग्रजांची वाक्यरचनाच फ्रेंच वाक्याला वाकवीत होती. तेथे परदेश भाषेत शिरला होता. येथे तो प्रामुख्याने देखाव्यात राहतो.

भारतीय वाचकाला हे खंड बहुधा इंग्रजीतून भेटतात, आणि ती स्वतंत्र वाङ्मयीन घटना आहे. अँथिया बेल व डेरेक हॉकरिज यांनी फ्रेंचमधील 'आस्स्युराँसतुरिक्स' (सर्वसमावेशक विमा) या भाटाचे 'कॅकोफोनिक्स' केले. श्लेष गेला, पण बेसूरपणा नावातच आला. एड्रियाना हंटर यांच्यापुढे 'व्हाइट आयरिस'मध्ये याहून अवघड काम होते, कारण त्यांना पोकळ बोलणेही पोकळ ठेवूनच भाषांतरित करायचे होते. भाषांतराच्या अभ्यासकांनी वैद्याच्या संवादांची दोन्ही भाषांतील पाने शेजारी ठेवून वाचावीत.